उधाणाचा शेवटचा दिवस

"बघत राहा. डोळे मिटलेस तर वल्हं घालीन पाठीत," बाबा म्हणाला.

मी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, पालथा पडून पाणी बघत होतो. मे महिन्याचं ऊन, वर आभाळ, खाली चकाकणारा दर्या, डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं. ते उन्हाचं किती आणि माझं किती ते मलाच कळत नव्हतं. बाबा सुकाणूवर बसला होता. आईचा भाऊ डुमिंग मामा शिडाची दोरी धरून उभा होता आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होता. आम्ही माझ्या मोठ्या भावाला शोधत होतो. तो जिवंत असेल अशी आशा कोणालाच नव्हती. त्याचं मढं तरी मिळावं, एवढ्यासाठी चालली होती ती धडपड.

सेमिनरीत फादर व्हायला आलेली पोरं हल्ली माझ्याकडे येतात आणि डोळे मोठे करून विचारतात, फादर, तुम्हाला पाचारण कसं झालं, देवाची हाक कशी आली? त्यांना वाटतं, देवळात मेणबत्ती जळत असेल, मी गुडघे टेकून बसलो असेन आणि आतून कोणी नावाने हाक मारली असेल. मी त्यांना म्हणतो, जा रे, अभ्यास करा. माझं पाचारण या होडीत झालं, आणि ते असं झालं की आजही मला त्याचं कौतुक करता येत नाही.

आमचा कोळीवाडा वसईच्या किनाऱ्यावर. बाबा पास्कू नाखवा, होडी त्याची स्वतःची, आणि जीभ वस्तऱ्यासारखी. त्याला आम्ही दोन पोरगे, इनास आणि मी. इनास म्हणजे बाबाचा उजवा हात. वारा कुठून फिरणार ते त्याला पाण्याच्या रंगावरून कळायचं. मला काय, होडीत चढलो की उलटी. सगळा वाडा हसायचा, कोळ्याच्या पोटी हा माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचा पोर कुठून आला म्हणून. पण देवळात मी रमायचो. आमच्या फादर मेंडिसनी ते ओळखलं, रोज संध्याकाळी मला लॅटिन शिकवायला घेतलं आणि एक दिवस घरी येऊन बाबाला विचारलं, आंतोनला सेमिनरीत पाठवतोस का? बाबा खूश झाला. ताडीच्या दुकानात सगळ्यांना सांगत सुटला, एक पोरगा दर्याला, एक देवाला, वाटणी बरोबर झाली. जून महिन्यात मी जायचं ठरलं.

आणि मे महिन्यात, मोसमाच्या अगदी शेवटच्या खेपांत, जाळं ओढताना वावटळ आली, दोर सुटला आणि इनास दोराबरोबर पाण्यात गेला. मामा त्याच होडीत होता. तो सांगायचा, हात वर आलेला दिसला, तेवढाच. त्याचं लग्न पावसानंतर ठरलेलं होतं. लग्नाचा कोटसुद्धा शिवून पेटीत ठेवलेला.

सुरुवातीला साऱ्या वाड्याच्या होड्या शोधायला आल्या. मग एकेक कमी झाली. त्यांचंही पोट होतं, आणि पाऊस तोंडावर आलेला. लोकांनी होड्या वर ओढून पावसासाठी झावळ्यांनी शाकारायला घेतल्या. आमची एकटीच रोज निघत होती. मामा म्हणायचा, उधाणाचं पाणी गिळलेलं परत देतं, भांगाचं, ओसरतं पाणी देत नाय. अमावस्येचं उधाण चालू होतं, आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून पाणी उतरणार, मग पाऊस, मग काही नाही.

सेमिनरीचं नाव मी काढलं नव्हतं, पण बाबाने स्वतःच काढलं. आदल्या दिवशी जाळ्याची दोरी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाटणी मोडली. दर्याने एक घेतला, आता देवही मागतो. दोघांनी मिळून लुटायला मीच गावलो काय? तू कुठं जायचं नाय."  मामाने मला बाजूला घेऊन समजावलं की इनास एकदा गवसू दे, एकदा मातीत जाऊ दे, मग मी तुझ्या बाबाशी बोलतो. मातीत गेल्यावर माणूस शांत होतो. तोवर तोंड उघडू नकोस. आणि नाही गवसला तर? मी विचारलं. मामा दोरीचं वेटोळं उचलून चालू लागला. मला कळलं. नाही गवसला तर बाबा जन्मभर शोधत राहणार, आणि मी त्याच्याबरोबर या नाळेवर पालथा.

म्हणून मी डोळे फाडून बघत होतो. देवा, गवसू दे, गवसू दे. भावासाठी म्हणत होतो आणि स्वतःसाठीही म्हणत होतो, आणि त्याची मला इतकी लाज वाटत होती की मध्येच प्रार्थना तोडून मी ओठ चावायचो. घरी आईने इनास गेल्यापासून अन्न असं घेतलं नव्हतं. उंबऱ्यात बसून असायची. कोणी पेज आणली तर विचारायची, इनास जेवला का?

दुपार कलली तेव्हा मामा म्हणाला, "पास्कू, ते बघ. पाखरं."

लांब पाण्यावर कुरव पक्षी घिरट्या घालत होते. एकदोन बसलेही होते, कशावर तरी. बाबाने सुकाणू फिरवलं. जसजसे जवळ गेलो तसतशी ती वस्तू वरखाली होताना दिसू लागली, आणि मग सदऱ्याची पाठ दिसली, वाऱ्याने फुगलेली.  इतके दिवस जे मागत होतो ते समोर आलं आणि मला वाटलं, नको, परत जाऊ या.

बाबाने सुकाणू मामाच्या हातात दिलं आणि काठावरून अर्धा बाहेर वाकून त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. पण बाबाने त्या चेहऱ्याला गाल लावला. "इनास," म्हणाला, "आलास रे पोरा. आलास." असा आवाज मी बाबाचा कधी ऐकला नव्हता. मामा ढसाढसा रडायला लागला. मीही रडत होतो. मग बाबाने त्याला आत ओढायला त्याचा डावा हात धरला आणि तसाच थांबला.

इनासच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर लहानपणी दोरात सापडून तुटलं होतं. बाबाच्या हातात जो हात होता त्याचा अंगठा पुरा होता.

बाबा त्या अंगठ्याकडे बघत राहिला. एकदा त्यावरून बोट फिरवलं. मग हात सोडून दिला, सदऱ्याला ओलं तोंड पुसलं आणि वल्ह्याने त्या माणसाला ढकललं.

"आपला नाय," म्हणाला. "चल. अजून दिवस हाय."

मी सदऱ्याची कॉलर धरली होती. कधी धरली ते मला आठवत नाही.

"सोड त्याला," बाबा म्हणाला.

"बाबा, माणूस हाय."

"मला दिसतो. आपला नाय."

"कोणाचा तरी असेल."

"ज्याचा असेल त्याच्या बापाला शोधू दे. मी माझा शोधतोय."

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे जी होडी मढं वाहते ती फादरने पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय पुन्हा दर्यात लोटत नाहीत, आणि फादर पाणी शिंपडतात ते माती दिल्यावर. म्हणजे हा माणूस होडीत घेतला की सरळ किनारा, मग पोलीस पाटील, मग पंचनामा, मग माती. दिवस गेला. उधाण गेलं. इनास गेला. बाबा काही दगड नव्हता. एका परक्या मढ्यापायी त्याला स्वतःचा पोरगा सोडावा लागणार होता. हे मला कळत नव्हतं असं नाही. आणि माझं स्वतःचंही सगळं त्या दुपारीच अडकलं होतं, हेही कळत होतं. कॉलर सोडली असती तर बाबाचाही आणि माझाही फायदा होता.

बाबाने माझ्या मनगटावर वल्हं मारलं. कळ डोक्यात गेली. मी सोडलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आपला इनास कुठल्या होडीला गवसला असेल आणि तिथलाही बाप म्हणाला असेल, आपला नाय, सोड. मग?"

बाबाने दुसऱ्यांदा उचललेलं वल्हं तसंच हवेत राहिलं. मला वाटलं, आता डोक्यात घालतो. पण तो मटकन खाली बसला, सुकाणूकडे तोंड करून, आणि त्याने आमच्याकडे पाठ केली. मामाने शीड खाली सोडलं, वाकून त्या माणसाचे पाय धरले आणि आम्ही दोघांनी त्याला आत घेतलं. शिडात गुंडाळलं आणि वल्ही मारत निघालो. किनाऱ्यापर्यंत बाबा तसाच पाठ करून बसला. त्याच्या पाठीकडे बघत मी वल्हं मारत होतो आणि मनात एकच होतं, संपलं, आता मी या होडीतून उतरत नाही.

किनाऱ्यावर बातमी आमच्या आधी पोचली. शीड उतरवून वल्ह्यांवर येणारी होडी म्हणजे आत मढं, हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बायका धावत आल्या आणि त्यांच्या पुढे आई. इतके दिवस उंबऱ्यातून न उठलेली आई पदर सावरायचं भान सोडून चिखलातून धावत येत होती, पडत होती, उठत होती. "आला का? माझा आला का?"

बाबाने तिला बघितलं. मी बाबाला बघत होतो. तो होडीतून पाण्यात उतरला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आला, कातरीन. गवसला."

मी आणि मामा एकमेकांकडे बघत राहिलो. ज्याला बाबाने दर्यात ढकललं होतं त्याला तो आता आपला म्हणत होता. चार जणांनी शीड उचलून वाळूत ठेवलं. बाबा चटकन बाजूला बसला आणि त्याने तो डावा हात शिडाखाली सरकवून दाबून ठेवला. मामाने मान खाली घातली. वाड्यातली म्हातारी माणसं जवळ आली, त्यांना सगळं समजलं असावं, पण कोणी बोललं नाही. एका म्हातारीने माझ्या कानाशी लागून सांगितलं की पोरा, तिला घेऊ दे. तिला रडायला काहीतरी हवं. नाहीतर ती जाईल.

खरं होतं ते. आई जगते की मरते असं झालेलं होतं. एक शब्द न बोलता मी उभा राहिलो असतो तरी झालं असतं. इनास गवसला, इनासला माती दिली, आई जेवली, बाबाने शोध थांबवला, मामा त्याच्याशी बोलला आणि जूनमध्ये मी सेमिनरीत. सगळ्यांचंच भलं. तुम्हाला सांगतो, इतका सोपा रस्ता माझ्यासमोर आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

आई गुडघ्यांवर बसली. तिने त्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं, बघितलं, केसांतून हात फिरवला. मग तिचा हात त्या माणसाच्या डाव्या दंडावरून खाली गेला, शिडाच्या काठापर्यंत. बाबाने कापड घट्ट धरलं. आईचा हात थांबला. तिने बाबाकडे बघितलं आणि मग मान वळवून माझ्याकडे.

"आंतोन, मी हात बघत नाय," ती म्हणाली. "माझ्यात धीर नाय. तू सांग. तू उद्या वेदीवर उभा राहणार. तू सांगशील ते मी खरं धरीन. हा आपला इनास हाय?"

 बाबाचे डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत धमकी असती तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे भीक मागत होता.

"नाय, आये," मी म्हटलं. "हा इनास नाय."

बाबाने उठून माझ्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. मामाने त्याला मागून धरलं. आई वाळूत कोसळली आणि अशी किंचाळली की ते मी अजून विसरलेलो नाही. बायकांनी तिला धरलं तरी ती डोकं आपटत होती. बाबा ओरडत होता, मेल्या, आईला मारलंस, आईला मारलंस तू. मी म्हटलं, देवा, मला आत्ता ने. खरंच म्हटलं. खरं बोललं की मन हलकं होतं असं जे सांगतात त्यांनी त्या दिवशी तिथे उभं राहायला हवं होतं.

पोलीस पाटील आला, पंचनामा झाला, त्या माणसाला ओळखणारं कोणी निघालं नाही. दर्याकाठच्या कुठल्या गावचा होता, कुठल्या गलबतावरचा होता, देव जाणे. पाटील म्हणाला, गावाने माती द्यावी. कोण देणार, कुठे देणार, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा आई उठून बसली. तिचा आवाज बसला होता. शेजारणीला म्हणाली, "पाणी तापव. आणि घरात जाऊन इनासचा कोट काढ पेटीतून."

बाबा दचकला. "तो कोट इनासचा हाय."

"हो," आई म्हणाली. "इनास येऊन घालणार हाय का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने तसं म्हटलं. बाबा तिच्याकडे बघत राहिला आणि मग वाळूत बसून, दोन्ही हातांनी डोकं धरून रडू लागला. तोवर तो रडलाच नव्हता. आईने आपल्या हाताने त्या परक्या माणसाला आंघोळ घातली, कोट घातला, बटणं लावली. डावा हात पुसताना तिने तो अंगठा बघितला, पुसला आणि छातीवर ठेवून दिला.

फादर मेंडिस आले तेव्हा त्यांच्यापुढे वेगळाच पेच. आमच्या दफनभूमीत घ्यायचा तर हा ख्रिस्ती आहे की नाही, बाप्तिस्मा झाला होता की नाही, हे कोणी सांगणारं नव्हतं. भला माणूस, पण नियमाचा पक्का. आई त्यांना म्हणाली, "फादर, माझा पोरगा कुठल्या तरी गावच्या किनाऱ्याला लागेल. तिथे कोणी हे विचारत बसू नये." फादरनी चष्मा पुसला आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. आमच्या आजोबांच्या शेजारी त्याला माती दिली. घरी आल्यावर आईने स्वतः उठून पेज केली. चार घास खाल्ले, आणि मग रात्रभर रडली, पण ते रडणं माणसाचं होतं.

सकाळी फादरनी होडीवर पाणी शिंपडलं. उधाण उतरलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि वाड्यात आमची एकच होडी न शाकारलेली. बाबा तरी निघालाच. मामाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, तुझ्याविषयी बोलायचं आता विसर, त्याच्या तोंडाला लागू नकोस.  माझी वाटणी ठरली असं धरून वल्हं खांद्यावर घेतलं, कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि होडीच्या काठाला हात घातला.

बाबाने माझ्या खांद्यावरून वल्हं काढून घेतलं. "तू नको," म्हणाला.

मला वाटलं, माझं सुजलेलं मनगट बघून म्हणतोय. मी म्हटलं, "ओढीन मी. दुखत नाय."

"तसं नाय," बाबा म्हणाला. थोबाडीत मारल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. रागाने नाही, पण मायेनेही नाही. दमून गेल्यासारखा बघत होता. "तुला घेऊन मला माझा पोरगा शोधता येणार नाय. तू वाटेत भेटेल त्याला उचलशील. जा तू तुझ्या फादरकडे."

आणि त्याने होडी लोटली. मामा आत चढला. शीड चढलं. मी पाण्यात उभा राहून मोठमोठ्याने रडलो. बापाने मला होडीतून टाकलं, घरातून टाकलं, दर्यातून टाकलं, एवढंच मला कळलं. ज्यासाठी इतका तळमळत होतो ते हातात पडलं होतं आणि मला ते शापासारखं लागलं. इनास त्या दिवशीही गवसला नाही आणि पुढेही कधी नाही.

जूनमध्ये मी गेलो. आई एस.टी.पर्यंत आली. बाबा होडीशी काहीतरी ठोकत बसला होता, तो आला नाही. सेमिनरीत पहिल्या दिवशी तिथले मुख्य फादर, रेक्टर, आम्हा सगळ्या पोरांना ओळीत उभं करून विचारत गेले, बाळ, तुला इथे कोणी पाठवलं? पोरं पढवल्यासारखी एकेक सांगत होती, देवाने, फादर. माझ्यापाशी आले तेव्हा माझ्याही जिभेवर तेच होतं, पण तोंडातून निघालं, माझ्या बापाने.